झाडं मोजणारे डेव्हलपर

आम्ही चौघं भेटलो की पहिली पाच मिनिटं फार सभ्य जातात. तब्येत कशी, पोरगी कितवीत गेली, ऊन यंदा लवकर लागलं. मग चहा येतो, कोणीतरी खिशातून मोबाईल काढतं आणि दुसरं कोणीतरी म्हणतं, "काका, तुमचे प्लॉट विकले का मग?" संपलं! त्यानंतर चहावाला कप उचलायला तीनदा येऊन जातो, तरी आमचं चालूच. अशा गोष्टी कोणी मुद्दाम जमवत नाही. दीड वर्ष एकत्र उन्हात फिरलं की अंगावर धूळ बसते, तशा त्याही बसतात. धूळ आंघोळीनं निघते, एवढाच फरक.

काम होतं झाडं मोजायचं. शहरातली झाडं मोजायचं कंत्राट एका कंपनीला मिळालं होतं आणि कंपनीनं आम्हाला ठेवलं होतं. झाडापुढं उभं राहायचं, टेपनं बुंध्याचा घेर घ्यायचा, उंचीचा अंदाज करायचा, जात लिहायची, फोटो काढायचा, 'जतन करा' दाबायचं आणि पुढच्या झाडाकडं जायचं. त्यासाठी प्रत्येकाला अँड्रॉइडचं एक हँडहेल्ड दिलं होतं. मोबाईलपेक्षा जाड, वजनाला अर्धी वीट. कंपनीच्या कागदावर त्याचं नाव 'डिव्हाइस' होतं. आम्ही पहिल्या दिवसापासून त्याला डब्बा म्हणायचो.

मी वैशाली, टीम लीडर. म्हणजे चारही डब्ब्यांचे चार्जर माझ्या पिशवीत असायचे. दुसरे राऊत काका, छापखान्यातून रिटायर झालेले आणि घरी बसवत नाही म्हणून आलेले. तिसऱ्या सुषमाताई, मौद्याहून रोज बसनं यायच्या. चौथा प्रफुल, भिवापूरचा, तिशीतला, कमी बोलणारा आणि मोबाईलमधलं सगळं समजणारा. आमच्यावर साठवणे सर नावाचे सुपरवायझर होते. त्यांना मोबाईलमधलं काही समजत नव्हतं, पण त्यामुळं ते कधी थांबले नाहीत.

*

डब्ब्याचं मुख्य दुखणं असं होतं की अक्षरं खूप मोठी. फॉर्म उघडला की 'जतन करा' हे बटन स्क्रीनच्या खाली निघून जायचं. बोटानं वर सरकवावं तर स्क्रीन अडकायची. एका कडुनिंबापुढं मी अकरा मिनिटं उभी होते. समोरच्या घरातली बाई दोनदा बाहेर येऊन पाहून गेली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "नवस आहे का बाई काही?"

त्या दिवशी प्रफुल म्हणाला, "मॅडम, आतमधी एक लपलेला मेनू असते. स्क्रीनच्या साऱ्या गोष्टी तिथंच असतात. सात वेळा टकटक केलं का उघडते."

त्यानं करून दाखवलं. सेटिंगमध्ये जायचं, 'फोनबद्दल' उघडायचं, पार खाली 'बिल्ड नंबर' असं लिहिलेलं असतं, त्यावर सात वेळा बोट मारायचं. राऊत काकांनी स्वतःच्या डब्ब्यावर स्वतः केलं, मोठ्यानं आकडे म्हणत. सातव्याला स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'तुम्ही आता डेव्हलपर आहात!'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग बाजूला जाऊन घरी फोन लावला. "अवं ऐकलं का, मी डेव्हलपर झालो. हव, आत्ताच. मशीननंच सांगतलं."

काकू साध्या बाई. त्यांनी शेजारी सांगितलं. आता नागपुरात डेव्हलपर म्हटलं की एकच अर्थ होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका घरी पोचले तर बैठकीत तिघंजण बसलेले, पैकी एकजण चुलत साडू. बेसा साईडला प्लॉट पाडले का, रस्ते किती फुटांचे ठेवले, कोपऱ्याचा मिळंल का. काकूंनी पोहे केले होते!

काकांनी हात जोडून सांगितलं, "अजी, तसं काही नाही. माझं सध्या फक्त स्क्रीनवर काम सुरू आहे."

साडू म्हणाले, "साऱ्याईचं पहिले स्क्रीनवरच असते जी. जमीन कवा दाखवता ते सांगा."

*

दुसरा किस्साही काकांचाच, आणि तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

नागपूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं की आमच्याकडं लेआउट म्हणजे प्लॉट पाडलेली वस्ती. माणूस पत्ता सांगतो तोच लेआउटच्या नावानं. तर काका त्या लपलेल्या मेनूत रोज थोडं थोडं वाचत असत, छापखान्यातली सवय. वाचता वाचता त्यांना एक ओळ सापडली : 'लेआउट सीमा दाखवा'. काकांनी ती चालू केली. स्क्रीनवरच्या प्रत्येक चौकटीभोवती निळ्या-गुलाबी रेघा आल्या. काकांना वाटलं, सरकारनं चांगली सोय केली.

त्याच आठवड्यात मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये दोन शेजाऱ्यांचं जुंपलं. दोन घरांच्या मधोमध आंब्याचं झाड. आंबा कोणाच्या नावानं लिहायचा? दोघंही कंपाउंडला टेकून भांडत होते. एकजण बँकेतून रिटायर, दुसऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. काका मध्ये उभे राहिले आणि त्यांनी डब्बा वर धरला.

"भांडू नका. हे पाहा, यात लेआउटच्या सीमा दिसतात."

दोघांनी चष्मे लावले. बँकवाल्यांनी विचारलं, "माझी लाईन कोणती जी? गुलाबी का निळी?"

मी धावत गेले. "काका, त्या बटनांच्या सीमा आहेत! फॉर्ममधल्या चौकटींच्या!"

दुकानवाले माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, तुम्ही मधात नका बोलू. मशीन दाखवून राहिली ना."

दोघांनी मिळून स्क्रीन नीट पाहिली. आंब्याच्या फोटोभोवती गुलाबी चौकट होती आणि बाकी कशालाच शिवत नव्हती. चर्चा झाली. शेवटी दोघांचं एकमत झालं की झाड ना याचं ना त्याचं, ते आपल्या स्वतःच्या सीमेत आहे. आंबे निम्मेनिम्मे. दहा वर्षांचं भांडण होतं म्हणे ते!

निघताना बँकवाले काकांना म्हणाले, "याची एक प्रिंट भेटंल का? सही-शिक्क्याची?"

*

आता माझा स्वतःचा. सगळ्यांचे सांगायचे आणि आपला लपवायचा, हे बरं दिसत नाही.

अक्षरं लहान करायची तर त्या मेनूत 'सर्वात कमी रुंदी' म्हणून एक आकडा असतो. डब्ब्यात तो तीनशे साठ होता. प्रफुल म्हणाला, चारशे करा, बटन वर येईल. मी घाईत एक शून्य जास्त मारलं. चार हजार.

स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत आली तेव्हा सगळी अक्षरं खसखशीएवढी झालेली! आकडा परत बदलायला तो मेनू उघडायला हवा आणि मेनू उघडायला तो वाचता यायला हवा. शेवटी सुषमाताईंनी आपल्या मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढला आणि तो मोठा करून त्या वाचू लागल्या. प्रफुलच्या बोटाखाली एका वेळी चार ओळी दबत होत्या. आम्ही तिघं डब्ब्यावर वाकून बसलो होतो, पायातला काटा काढावा तसे.

तेवढ्यात साठवणे सरांची गाडी येऊन थांबली. सरांनी डब्बा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"व्वा! अख्खी यादी एका स्क्रीनवर! पहिले काहून नाही केलं असं?" आणि तिथल्या तिथं हुकूम : सगळ्यांचे डब्बे असेच करा. माझाही.

केले. काय करणार! सर स्वतःचा डब्बा घेऊन गाडीत जाऊन बसले, काच वर केली. वीसेक मिनिटांनी काच खाली झाली.

"वैशाली, किती वाजले?"

"साडेअकरा, सर."

सरांनी डब्ब्याकडं पाहिलं. "बरोबर. यातही तेच असतील."

*

सुषमाताईंचं वेगळं. त्या डावखुऱ्या. डाव्या हातात डब्बा धरायचा आणि त्याच अंगठ्यानं दाबायचं ही त्यांची पद्धत, पण सगळी बटनं उजव्या काठाला. अंगठा पुरायचा नाही. मग डब्बा या हातातून त्या हातात, टेप काखेत, ओढणी तोंडात. त्या कधी तक्रार करायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, की सासरी पहिल्या दिवशी डाव्या हातानं वाढलं तर सासूबाईंनी पंगतीसमोर वाटी हातातून काढून घेतली. वीस वर्षं झाली, अजून पाहुणे आले की त्या उजव्या हातानंच वाढतात आणि भाजी सांडते.

एक दिवस प्रफुल त्यांच्या डब्ब्यात काहीतरी नीट करत होता आणि चुकून वेगळंच बटन दबलं. उजवीकडून डावीकडं लिहिणाऱ्या भाषांसाठी पूर्ण स्क्रीन उलटी करायची ती सेटिंग होती. सगळं आरशात पाहिल्यासारखं झालं. मागं जायचा बाण उजवीकडं गेला, 'जतन करा' डाव्या कोपऱ्यात आलं.

"सॉरी ताई, थांबा, परत करून देतो."

सुषमाताईंनी डब्बा त्याच्या हातातून काढून घेतला. डाव्या हातात धरला. अंगठा हलवून पाहिला. तो बरोब्बर बटनावर पडला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी चौघांत सगळ्यात जास्त झाडं त्यांची झाली. मग रोजच व्हायला लागली. महिनाभरानं साठवणे सरांनी तपासणीला त्यांचा डब्बा मागितला, दोनदा चुकीच्या कोपऱ्यात बोट मारलं आणि वैतागले. "हे काय, सारं उलटं आहे हे!"

सुषमाताईंनी शांतपणे सांगितलं, "नाही सर. तुमचं उलटं आहे."

मी पाहिलं, तेव्हापासून त्या चहाचा कपही डाव्या हातानं पुढं करायला लागल्या. घरचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

*

छोटासा आहे हा. डब्बा जलद चालावा म्हणून प्रफुलनं सगळ्यांना सांगितलं की त्या मेनूत ॲनिमेशनचा, म्हणजे पान सरकत यायला लागणाऱ्या वेळेचा आकडा असतो, तो बंद करा किंवा अर्धा करा. राऊत काकांनी यादी वाचली. अर्धा, एक, दोन, पाच, दहा. काकांनी दहा केला. दहा म्हणजे दहापट जलद, हा त्यांचा हिशोब.

झालं उलटंच. काकांच्या डब्ब्यात प्रत्येक पान नाटकाच्या पडद्यासारखं हळूहळू वर यायला लागलं. काकांनी पंधरा दिवस तसंच काम केलं. पान वर येईस्तोवर ते झाडाकडं पाहायचे, घरवाल्याशी बोलायचे. त्या पंधरा दिवसांत काकांना दोन लग्नाच्या पत्रिका मिळाल्या, एका घरी आंबील मिळाली आणि एका म्हातारबुवांनी त्यांना आपल्या बेलाच्या झाडाची सगळी हकिगत सांगितली. आणि खरं सांगते, काकांच्या नोंदीत एकही चूक नव्हती.

प्रफुलला कळलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला आणि ॲनिमेशन बंद करून दिलं. पानं फटाफट उघडायला लागली. संध्याकाळी काका उदास.

"काय झालं, काका?"

"काही नाही वं. आता कोणाले पाणी मागाले वेळ नाही भेटत."

*

साठवणे सरांचा एक सांगितलाच पाहिजे, नाहीतर ते म्हणतील मला विसरले.

वरच्या ऑफिसातून मोठे साहेब येणार होते. भिंतीवर पडदा लावून त्यावर सर डब्बा चालवून दाखवणार होते. आदल्या दिवशी सरांनी, आम्ही सगळे स्वतः टकटक करून डेव्हलपर झालो आणि त्यांना तेवढं आम्ही केलं हे सहन न होऊन, स्वतः तो मेनू उघडला आणि त्यातली दिसंल ती बटनं चालू करून ठेवली. त्यातलं एक होतं 'पॉइंटरचे स्थान'. ते चालू असलं की बोट लावाल तिथं एक आडवी आणि एक उभी रेघ येते आणि वर बारीक अक्षरात दशांशासकट आकडे धावायला लागतात.

पडद्यावर सरांनी पिंपळाचा फोटो उघडला. रेघा आल्या, आकडे पळायला लागले. मोठे साहेब पुढं झुकले.

"हे काय आहे?"

सरांनी पडद्याकडं पाहिलं. "सर, हे त्या झाडाचे अक्षांश-रेखांश. सॅटेलाइटवरून."

"अच्छा." साहेबांनी चष्मा पुसला. "जरा बोट हलवा."

सरांनी बोट हलवलं. आकडे बदलले.

साहेब म्हणाले, "झाड कुठे निघालं?"

*

आणि आता प्रफुलचा. हा आमच्यात कोणी चहाच्या टपरीवर सांगत नाही.

फॉर्ममध्ये झाडाची अवस्था भरायला दोन ठिपके होते. जिवंत झाडाला हिरवा, वाळलेल्याला लाल. शब्द काही लिहिलेले नव्हते, नुसते ठिपके. हिवाळ्यात एकदा अपडेट आलं आणि ठिपक्यांच्या जागा बदलल्या. हिरवा डावीकडं असायचा, तो उजवीकडं गेला. आमच्या कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

आठवड्याभरानं साठवणे सरांनी प्रफुलला ऑफिसात बोलावलं. "तुझ्या यादीत चांगलं एकही झाड जिवंत नाही! सारी वाळली. आणि दोन झाडं खरंच वाळलेली आहेत, तर ती तुझ्या यादीत हिरवीगार. घरी बसून ठिपके मारतो का बे? सोमवारपासून येऊ नको."

मीच बोलले. म्हटलं, सर, दोन दिवस द्या, मी स्वतः पाहते. सर तयार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं त्याच्या भागात गेलो. तो एका करंजापुढं उभा राहिला. हिरवंगार झाड. त्यानं फॉर्म भरला आणि डावा ठिपका दाबला.

"प्रफुल, हा कोणता ठिपका?"

"डावीकडचा."

"रंग कोणता?"

"डावीकडचा हिरवा असते ना, मॅडम."

"तो लाल आहे, प्रफुल."

त्यानं डब्बा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "एक विचारू? त्या लपलेल्या मेनूत रंगाची एक सेटिंग आहे. हिरवा-लाल असं लिहिलं आहे तिच्यात. ती चालतच नाही. मी किती वेळा चालू-बंद करून पाहिली, काहीच होत नाही. डब्बा खराब आहे का?"

"दाखव बरं."

त्यानं ती चालू केली. आमच्या डोळ्यांदेखत करंजाचा फोटो, दोन्ही ठिपके, फोटोत आलेली कंपाउंडवरची जास्वंद, सगळं एका मळकट पिवळ्या रंगाचं झालं.

"पाहा," प्रफुल म्हणाला. "झालं काही?"

सुषमाताईंच्या तोंडून निघालं, "बाप्पा! सारं मातीसारखं झालं ना!"

"कुठं?" प्रफुल म्हणाला.

काकांनी त्याच्या हातून डब्बा घेतला, ती ओळ चष्म्याजवळ धरून वाचली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्यांना लाल-हिरवा सारखेच दिसतात त्यांना स्क्रीन कशी दिसत असेल, ते बाकीच्यांना दाखवायची सेटिंग होती ती. प्रफुल तिथंच डिव्हायडरवर बसला.

त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो. जन्मापासूनचं आहे म्हणाले, औषध नाही, भीतीही नाही. चिठ्ठी दिली. साठवणे सरांनी ती दोनदा वाचली.

"मग सिग्नल कसा पाहतो रे तू?"

"वरचा लागला का थांबतो सर, खालचा लागला का जातो."

सर म्हणाले, "आपल्या इथं तर रंग दिसणारेही थांबत नाहीत." आणि चिठ्ठी फाईलला लावली. सोमवारची गोष्ट परत निघाली नाही. डब्ब्यात रंग दुरुस्त करायची दुसरी एक सेटिंग सापडली, ती लावल्यावर प्रफुलला दोन ठिपक्यांतला फरक कळायला लागला. मग आम्ही चौघांनी मिळून त्याची सगळी झाडं पुन्हा जिवंत केली.

शनिवारी त्यानं मला विचारलं, "मॅडम, डब्बा उद्या घरी नेऊ का? बाबाले दाखवाचं आहे."

भिवापूरची मिरची नावाजलेली आणि मला वर्षाची घ्यायचीच होती. मी म्हटलं, मीही येते.

भिवापूरला त्यांचं शेत रस्त्यालाच लागून आहे. मिरचीचा तोडा सुरू होता. प्रफुलची आई आणि दोन बाया ओळीत वाकलेल्या. बाबा बांधावर आले, जयभीम झालं, त्यांनी मला तांब्या दिला आणि पाणी पिऊन होईस्तोवर पोराची कहाणी सांगून टाकली. "चांगला आहे जी तुमच्यापाशी. शेतात नाही कामाचा. लहानपणी याले लाल मिरची तोडाले लावलं का निम्म्या हिरव्या तोडून आणे. मुद्दाम! उन्हात काम नको म्हणून. किती मारलं, तरी तसाच. मग मीच म्हटलं, तू शेतात येऊच नको."

प्रफुल बाजूलाच उभा होता. पायानं ढेकूळ फोडत होता.

"बाबा," तो म्हणाला, "एक काम करता का? यातून पाहून मिरची तोडा. फक्त लाल. बाहेर नाही पाहाचं."

"कायले?"

"तोडा ना."

त्यानं कॅमेरा चालू केला, सगळं मातीसारखं करणारी ती पहिली सेटिंग लावली आणि डब्बा त्यांच्या हातात दिला. बाबा हसले. डाव्या हातानं डब्बा डोळ्यांपुढं धरला, उजव्या हातानं झाड चाचपलं.

"यात तर सारं एकाच रंगाचं आहे गा."

"त्यातूनच तोडा."

त्यांनी तोडल्या. जाणकार माणूस, हात भराभर चालत होता. पंधरा-वीस मिरच्या टोपलीत पडल्यावर त्यांनी डब्बा बाजूला केला आणि खाली पाहिलं. निम्म्या हिरव्या होत्या.

त्यांनी एक हिरवी मिरची उचलली. डब्ब्यामागं धरून पाहिली. मग एक लाल धरून पाहिली. मग परत हिरवी.

"तुले असं दिसते?"

"हव."

"लहानपणापासून?"

"हव, बाबा."

मी रस्त्याकडं पाहायला लागले. एक एस.टी. गेली, मग एक ट्रॅक्टर गेला.

प्रफुल हात पुढं करून म्हणाला, "आणा, झालं."

बाबांनी डब्बा दिला नाही. तो पुन्हा डोळ्यांपुढं धरला आणि पुढच्या झाडाकडं सरकले. एक झाड, मग दुसरं, मग तिसरं. अख्खी ओळ ते तसेच तोडत गेले. हिरव्या, लाल, हाताला येतील तशा.

पलीकडच्या ओळीतून प्रफुलची आई ओरडली, "अजी, हिरव्या काहून तोडून राहिले? वाया जातीन ना त्या!"

बाबांनी डब्बा खाली केला नाही.

"तोडू दे वं," ते म्हणाले. "मले दिसून नाही राहिल्या."